उलटी प्लेट

सरपंचपदाचे फॉर्म भरायची मुदत तीन वाजता संपणार होती, आणि एक वाजून पाच मिनिटांनी कुंडलिकराव गाडीखाली उताणे पडलेले होते. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते.

"दाब!" खालून आवाज आला.

"दाबलाय, मामा," त्यांची सून अश्विनी स्टिअरिंगवरून म्हणाली.

"सोड!"

"सोडला."

"आता चालू कर आन् टाक पहिला गिअर!"

"तुमी बाहेर या आधी. तुमी खाली असताना मी गिअर टाकायची न्हाई."

कुंडलिकराव कुरकुरत बाहेर आले. पाठीला माती, कपाळाला ग्रीस. नवी पांढरी टोपी मात्र त्यांनी आधीच बोनेटवर काढून ठेवली होती, कारण ती जुन्नरच्या तहसील कचेरीत घालायची होती. आणे गावाच्या पुढे चिंचमाळ नावाचं छोटं गाव. तिथल्या सरपंचाची जागा यंदा महिलेसाठी राखीव निघाली, आणि कुंडलिकरावांनी बायकोला, कुशाबाईंना, उभं करायचं ठरवलं. ठरवलं त्यांनीच. फॉर्म त्यांनीच भरला. शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला तो द्यायचा, म्हणजे समोरच्याला पत्ता लागत नाही, हा डावही त्यांचाच. "तू फक्त सही कर. बोलायचं समदं मी," असं त्यांनी कुशाबाईंना आठ दिवसांत इतक्या वेळा सांगितलं होतं, की त्या आता भाकरी वाढतानासुद्धा बोलत नव्हत्या.

गाडीचा क्लचही त्यांनीच बसवला होता. गाडी मुलाची, सुदर्शनची. जुनी, लहान, चढाला लागली की इंजिन ओरडायचं आणि चाकं जागच्या जागी विचार करत बसायची. मेकॅनिकने क्लचप्लेट गेली म्हणून सांगितलं. सुदर्शन चाकणला कंपनीत. तो म्हणाला होता, सुट्टी मिळाली की गॅरेजला नेतो. कुंडलिकरावांनी त्याची वाट पाहिली नाही. ट्रॅक्टरचा क्लच त्यांनी एकदा जवळ उभं राहून पाहिला होता. चिंचेच्या फांदीला साखळी टांगून त्यांनी दोन दिवसांत गिअरबॉक्स खाली घेतला, आळेफाट्याहून आणलेली नवी प्लेट घातली, ती मधोमध यावी म्हणून खुरप्याच्या दांड्याने सारखी केली आणि गिअरबॉक्स पुन्हा वर चढवला.

अश्विनीने गाडी चालू केली, क्लच पार तळापर्यंत दाबला आणि पहिला गिअर टाकायला गेली. खर्रर्र! दगडावर करवत चालावी तसा आवाज आला. गिअर पडेना.

"केबल ढिली असंल," कुंडलिकराव म्हणाले.

"केबलचा नट तुमी तीनदा आवळलाय. आता आवळायला आटे उरले न्हाईत," अश्विनी म्हणाली. तिने गाडी बंद केली आणि जरा थांबून, जपून विचारलं, "मामा, प्लेटीचा फुगीर भाग कुणीकडं केला व्हता?"

"इंजिनाकडं."

अश्विनीने चावी काढून मांडीवर ठेवली.

"का? जोर कुटनं येतो? इंजिनातनं. मग पोट तिकडंच पायजे ना?"

"पोट गिअरबॉक्सकडं पायजे, मामा. प्लेट उलटी बसली. आता कितीबी दाबा, ती सुटायचीच न्हाई."

अश्विनी अवसरी बुद्रुकची. तिच्या वडिलांचा टेम्पो होता आणि लग्नाआधी तीन वर्षं ती त्यांच्याबरोबर मंचरच्या बाजारात कांदा पोचवत होती. सासरी आल्यापासून स्टिअरिंगला हात लावायची वेळ फक्त गाडी पुसताना आली होती. आज ती गाडीत बसली होती, कारण कुंडलिकरावांना क्लच बसवता येत असला तरी गाडी चालवता येत नव्हती.

"तुला लई कळतंय," कुंडलिकराव म्हणाले. पण आवाजातला जोर गेला होता. अकराची एसटी गेली होती. सुदर्शनने मोटरसायकल नेली होती. गावात दुसरी गाडी एकच, माजी सरपंच दादाभाऊंची जीप. आणि दादाभाऊंनी कालच आपल्या बायकोचा, तुकाबाईंचा, फॉर्म भरला होता.

कुशाबाई दारात उभ्या होत्या. हिरवं लुगडं, काखेत फॉर्मची पिशवी. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"एक उपाय हाय," अश्विनी म्हणाली. "गाडी गिअरमध्येच चालू करायची. क्लच न्हाईच असं समजायचं. पुढचे गिअर मी अंदाजाने टाकीन, आमच्या टेम्पोची केबल तुटली व्हती तवा बाबांनी शिकवलंय. फक्त मधी कुटं थांबता यायचं न्हाई."

"का न्हाई?"

"थांबली की इंजिन बंद पडणार. मग परत गिअरमध्येच सेल्फ मारायचा. बॅटरीत तेवढा दम हाय का?"

दम आहे का ते बघायला तिने पहिला गिअर घातला आणि चावी फिरवली. गाडीने आचका दिला, हातभर उडी मारून कडब्याच्या गंजीत तोंड घातलं आणि बंद पडली. मागे घ्यायला रिव्हर्स टाकून पुन्हा चावी फिरवली. गाडी चार हात मागे आली, तिथे गचकन थांबली, आणि तिसऱ्या वेळी सेल्फने नुसतं 'टक्' केलं.

"संपली," अश्विनी म्हणाली.

मग उरला दारापुढचा उतार. कुंडलिकरावांनी शेजारच्या दोघांना हाका मारल्या. अश्विनीने दुसरा गिअर टाकला, चावी चालू ठेवली. तिघांनी मागून जोर लावला. गाडी जडशीळ, कुरकुरत, गचके खात उताराला लागली. आणि अचानक इंजिन फुरफुरलं, धुराचा लोट निघाला आणि गाडी निघाली. खरंच निघाली.

"आत्या, बसा! पळा!" अश्विनी ओरडली.

कुशाबाईंनी लुगडं एका हाताने वर घेतलं, पिशवी दाताखाली धरली आणि पंचावन्नाव्या वर्षी चालत्या गाडीत उडी मारली. दार तिसऱ्या आपटण्यात लागलं.

"मामा, या!"

कुंडलिकराव पळतच होते. मागच्या दारापर्यंत ते पोचलेही. पण दार आतून लॉक होतं. लॉक काढायला कुशाबाई मागे वळेपर्यंत त्यांची डाव्या पायातली चप्पल निसटली. ते चप्पल घ्यायला वाकले. माणूस वाकून उभा राहायला लागतो तेवढ्या वेळात गाडी वळणापाशी पोचली.

"थांब गं!" कुशाबाई म्हणाल्या. आठ दिवसांतला त्यांचा पहिला हुकूम.

"कशी थांबू? पुढं सपाट हाय. ढकलायला माणसं न्हाईत."

कुशाबाईंनी मागच्या काचेतून पाहिलं. धुळीत एक माणूस हातात चप्पल घेऊन उभा होता. बोनेटवरची टोपी केव्हाच उडाली होती. कुंडलिकरावांचा फोन मात्र पुढे काचेपाशी पडलेला होता आणि तो वाजायला लागला.

त्यावर नाव होतं दादाभाऊंचं.

कुशाबाईंनी फोन उचलला नाही. काय बोलायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पण दोन किलोमीटरवर, जिथे गावचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो त्या फाट्यावर, दादाभाऊच उभे दिसले. पाच-सहा माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, एका ताटात शाल-नारळ. कुंडलिकरावांचा डाव कुणाला कळू नये असा होता. तो दादाभाऊंना कळला होता, कारण तो कुंडलिकरावांनी पारावर बसून तिघांना विश्वासात घेऊन सांगितला होता. कुंडलिकराव गोड बोललं की विरघळतात, हेही सगळ्या गावाला माहीत होतं. एक चहा, एक शाल, दोन तास गप्पा, आणि तीन कधी वाजले ते कळलंही नसतं.

"आता काय करायचं?" अश्विनीच्या कपाळावर घाम आला. फाट्यावर दोन गतिरोधक होते. दुसऱ्या गिअरमध्ये जितकं हळू जाईल तितकं हळू तिने घेतलं. त्याहून हळू झालं असतं तर गाडी बसली असती, तीही शाल-नारळाच्या बरोबर समोर.

दादाभाऊंनी हात वर केला. "वैनी! थांबा!"

गाडी पहिल्या गतिरोधकावर चढली, उतरली. थांबली नाही. कुशाबाईंना काही सुचेना, म्हणून त्यांनी काचेआडूनच हात जोडले.

दादाभाऊ गाडीबरोबर पळू लागले. "वैनी, दोन मिन्टं! चहा घ्या! कुंडलिकराव कुटं हायेत?"

कुशाबाईंनी हात जोडलेलेच ठेवले. ओठ भीतीने घट्ट मिटले होते. दादाभाऊंनी ते तोंड पाहिलं आणि त्यांना वाटलं, बाई पक्की आहे.

"ऐका तरी! उपसरपंच तुमी! लेखी देतो!"

गाडी दुसऱ्या गतिरोधकावर चढली.

"पाणी समिती बी तुमची!" दादाभाऊंना धाप लागली होती.

गाडी उतरली. पुढे रस्ता मोकळा. अश्विनीने पाय दाबला.

"आडीच-आडीच वर्षं!" मागून शेवटचं ऐकू आलं. "वैनी! आडीच... आडीच..."

आणे गावापर्यंत एकच खेळ चालला. अश्विनी अॅक्सिलरेटर सोडायची, गिअर न्यूट्रलला आणायची, कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकायची आणि मग दोन बोटांनी गिअर पुढे सरकवायची. कधी तो लोण्यासारखा जायचा. कधी खर्रर्र व्हायचं आणि कुशाबाई डोळे मिटून घ्यायच्या.

घाट लागला तेव्हा अश्विनीने पहिल्यांदा खांदे सैल सोडले. "आता जरा ठीक हाय. उतारावर बंद पडली तरी आपली आपण लागंल."

खाली आळ्याचं शिवार दिसत होतं. टोमॅटोच्या बांबूंच्या रांगा, शेततळ्याचा निळा कागद. कुशाबाईंनी खिडकीची काच खाली केली.

"आत्या," अश्विनी म्हणाली, "एक इचारू? तुमाला सरपंच व्हायचंय का?"

"मला ते कुणी इचारलंच न्हाई," त्या म्हणाल्या. "तू पहिली."

"मग?"

"आपल्याकडं दवाखान्याची खोली बांधली. चार वरसं कुलपात हाय. नर्स येती ती देवळाच्या पायरीवर बसती. समदे म्हणत्यात, चावी सापडत न्हाई." त्यांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "चावी कुणाकडं हाय ते मला म्हाईत हाय."

अश्विनीने सासूकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात एक वळण जरा मोठं घेतलं गेलं.

घाट उतरून सपाटीला लागल्या आणि समोर रस्ता दिसेनासा झाला. रस्त्यावर मेंढरं होती. दोनशे असतील. या कडेपासून त्या कडेपर्यंत लोकरच लोकर, आणि सगळ्यांत मागे खांद्यावर काठी टाकून यमाजी. चिंचमाळचाच. थंडी सरली की तो कळप घेऊन खाली उतरायचा.

अश्विनीने हॉर्न दाबला. मेंढरं बिचकली आणि बाजूला व्हायच्या ऐवजी एकमेकांना चिकटली. "आत्या, गेलं! आता थांबावंच लागणार. हितं तर चिटपाखरू न्हाई ढकलायला."

एक वाजून सत्तावन्न मिनिटं झाली होती.

कुशाबाईंनी अर्धं अंग खिडकीबाहेर काढलं. "यमाजीऽऽ! वाट काढ! थांबता येत न्हाई!"

यमाजीने मागे वळून पाहिलं. गावातली बाई कधी गाडीतून अशी लोंबकळताना त्याने पाहिली नव्हती. पण मेंढरामागे जन्म गेलेला माणूस आधी कृती करतो, नवल नंतर. त्याने जिभेने असा काही चमत्कारिक आवाज काढला, की कळपाच्या मधोमध एक चीर पडली. अर्धी मेंढरं डावीकडे, अर्धी उजवीकडे. त्या फटीतून गाडी धापा टाकत, चालत्या माणसापेक्षा थोडीशीच जोरात निघाली. दोन्ही दारांना लोकर घासत होती. एक एडका बोनेटच्या अगदी पुढे तुरुतुरु चालत राहिला. तो बाजूलाही होईना आणि पळेनाही. इंजिन ठेचकाळू लागलं, सगळी गाडी हिवताप आल्यासारखी थरथरली.

"जा की रं बाबा!" अश्विनी रडकुंडीला येऊन म्हणाली.

यमाजीची काठी वरून फिरली, एडक्याने रागाने एकदा काचेत पाहिलं आणि उडी मारून तो चारीत गेला. गाडी सुटली.

"कुटं चाललाय?" यमाजी ओरडला.

"फॉर्म भरायला!"

"कुणाचा?"

कुशाबाई क्षणभर थबकल्या. मग एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की अश्विनी दचकली. "माझाऽऽ!"

आळेफाट्याचा चौक ही खरी परीक्षा होती. चारी बाजूंनी ट्रक, एसट्या, ऊस भरलेल्या ट्रॉल्या, आणि मधोमध उभा राहून हात दाखवणारा पोलीस. गाडी पन्नास पावलांवर असताना त्याने तळहात थेट त्यांच्याकडे केला. थांबा.

"आत्या..."

"तू चल," कुशाबाई म्हणाल्या. त्या पुन्हा खिडकीबाहेर गेल्या आणि दोन्ही हात हलवत त्यांनी हाळी दिली, "सरकाऽऽ! ब्रेक न्हाईऽऽ! ब्रेक न्हाई!"

पोलिसाचा तळहात तसाच राहिला, पोलीस मात्र बाजूला झाला. शिट्टी वाजली. ट्रॉलीवाला जागीच थांबला, एसटीच्या ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला, वडापाववाल्याने हातगाडी मागे ओढली. गाडी चौक ओलांडून नारायणगावच्या बाजूला वळली.

"आत्या, ब्रेक तर हायेत की," अश्विनी बऱ्याच वेळाने म्हणाली.

"क्लच न्हाई म्हणलं असतं तर त्यो हलला असता का?"

अश्विनीला हसू आलं. पण हसायला वेळ नव्हता. पिंपळवंडीच्या पुढे एक टँकर रस्ता अडवून उलटा फिरत होता. तो वळेपर्यंत तिने पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी गोल गोल फिरवली. पंपावरचा माणूस प्रत्येक फेरीला "किती टाकू?" म्हणून विचारत होता. नारायणगावात एक बैलगाडी पुढे आली आणि दहा मिनिटं पुढेच राहिली. जुन्नर दिसलं तेव्हा दोन वाजून चव्वेचाळीस मिनिटं झाली होती.

कचेरीच्या फाटकात अश्विनीने ब्रेकवर पाय दिला. गाडीने दोन हिसके दिले, एक ढेकर दिली आणि बरोबर फाटकाच्या मधोमध मरून पडली. शिपाई धावत आला. "ओ ताई, हितं नका लावू! हटवा!"

"आत्या, तुमी जावा," अश्विनी म्हणाली. "मी ह्यांच्याशी भांडते."

कुशाबाई एकट्या आत गेल्या. खोलीत टेबल, टेबलामागे अधिकारी, भिंतीला रांगेने टेकलेले पुरुष. अधिकाऱ्यांनी फॉर्म हातात घेतला आणि कुशाबाईंच्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मालक कुठं आहेत?"

"ऱ्हायले मागं."

"मग माहिती कोण सांगणार?"

कुशाबाईंनी वर पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ मोठ्याने चालत होतं. दोन वाजून एक्कावन्न. "मी सांगते," त्या म्हणाल्या. "फॉर्म माझा हाय."

अधिकाऱ्यांनी नाव विचारलं, वय विचारलं. पान उलटून ते म्हणाले, "हा मोबाईल नंबर तुमचा?"

"न्हाई. त्यांचा."

"उमेदवाराचा पाहिजे."

"मग खोडा. माझा लिवून घ्या." त्यांनी नंबर सांगितला, एकदाही न अडखळता.

"व्यवसाय... घरकाम?"

कुशाबाईंनी मान पुढे करून पाहिलं. कुंडलिकरावांचं वळणदार अक्षर होतं. "त्ये बी खोडा," त्या म्हणाल्या. "शेती लिवा. कांदा माझ्या हातचा हाय, त्यांच्या न्हाई."

"खाडाखोड केली की शेजारी सही लागेल."

"द्या पेन."

दोन वाजून सत्तावन्न मिनिटांनी अधिकाऱ्यांनी पोच दिली. कुशाबाईंनी ती दोनदा वाचली, घडी केली, आणि बाहेर येऊन पायरीवर बसून घेतलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी दादाभाऊंची जीप आली. आधी दादाभाऊ उतरले, मग कुंडलिकराव. फाट्यापर्यंत ते चालत आले होते आणि तिथे जीप सोडून दुसरं काही नव्हतं. एका हातात टोपी होती, चपला दोन्ही पायांत होत्या, चेहरा मात्र सुतकी.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," कुशाबाई म्हणाल्या.

दादाभाऊ समोर येऊन उभे राहिले. "वैनी, आमी हात केला. शाल दाखवली. आडीच-आडीच वर्षं म्हणलो. तुमी काच सुदीक खाली केली न्हाई." त्यांच्या आवाजात राग कमी आणि धास्ती जास्त होती. "मला वाटलं, गाडीला काय झालं असंल, म्हणून थांबल्या न्हाईत. झालं व्हतं का काय?"

फाटकाच्या कडेला ढकलून लावलेल्या गाडीपाशी उभी असलेली अश्विनी दोन पावलं पुढे आली. कुशाबाईंनी पदर सारखा केला. खरं सांगितलं तर न थांबणं हा नुसता बिघाड ठरला असता, आणि दादाभाऊ पुढचे आठ दिवस गावभर हसले असते. पण उत्तर द्यायची पाळी त्यांच्यावर आलीच नाही.

"गाडीला?" कुंडलिकराव ताठ झाले. सगळ्या रस्त्याने मान खाली घालून बसलेला माणूस एकदम वीतभर उंच झाला. "गाडीला काय धाड भरलीय? क्लच मी सोता बसवलाय, ह्या हातानी! लोण्यासारखी चालती. बोटानं म्हणाल तिथं थांबती."

दादाभाऊंनी गाडीकडे पाहिलं, कुशाबाईंकडे पाहिलं. "म्हंजी ठरवूनच थांबल्या न्हाईत," ते हळूच म्हणाले.

कुशाबाईंनी पुन्हा हात जोडले.

जीपकडे परत जाताना ते ड्रायव्हरला सांगत होते, "तुकाबाईला फोन लाव. माघारीची तारीख कवा हाय, बग."

जीप कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत तिघं जागचे हलले नाहीत. मग अश्विनी फाटकाच्या खांबाला टेकून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. कुंडलिकराव गोंधळून एकदा सुनेकडे, एकदा बायकोकडे बघत होते.

"काय झालं? खोटं बोललो का मी?"

"न्हाई, न्हाई," कुशाबाई म्हणाल्या. "आज लई चांगलं बोललात. आता एक करा. ही गाडी गॅरेजवर न्यायचीय. बाजारपेठेच्या पार पल्याड हाय म्हणं." त्यांनी पुढचं दार उघडलं, आत बसल्या आणि काच खाली केली. "लावा हात मागून. आन् कुणी इचारलं, तर बोलू नका. बोलायचं समदं मी."